बाकावरचा कप्तान

नवा कोच: बसू का इथं, की ही खुर्ची अजून तुझी आहे?

जुना कोच: बस, लंबू. सकाळी काढलंय मला, आता दुपार झाली. फक्त मागे रेलू नकोस, पाठ निसटते तिची. दुरुस्त करा म्हणून किती वेळा सांगितलं, पण या क्लबात खुर्चीपेक्षा तिच्यात बसणारा बदलणं सोपं जातं.

नवा कोच: तिसऱ्यांदा झालं हे, मास्तर. एका क्लबात मला काढून तुला घेतलं, दुसऱ्यात तुला काढून मला, आणि आज इथं परत मी. लोकांना वाटायचं आपण दोघं भागीदारीत धंदा करतो.

जुना कोच: वाटू दे. कळवलं कसं तुला?

नवा कोच: काल संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. आणि तुला?

जुना कोच: मला आज सकाळी. म्हणजे आधी तुला ठेवला, मग मला काढला. रीतच आहे ती, त्यात राग नाही. पण वेळ अशी साधली बघ त्यानं. न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्धी दाढी झालेली. हा म्हणतो, ‘सर, मॅनेजमेंटनं जड अंतःकरणानं निर्णय घेतलाय.’ मी म्हटलं, बाबा रे, तुझं अंतःकरण जरा धरून ठेव, माझा एक गाल राहिलाय.

नवा कोच: आणि न्हावी?

जुना कोच: न्हावी आपल्या टीमचा पक्का भक्त. इतका वेळ माझी खरडपट्टी काढत होता, कप्तानाला बाकावर का बसवलंत म्हणून. फोन झाल्यावर मात्र पुढचा गाल अगदी हळू केला त्यानं.

नवा कोच: बरं, कामाचं बोल. खाली पत्रकार जमलेत, मला फार वेळ नाही. कोण कसा आहे?

जुना कोच: गोलकीपर चांगला आहे, पण गोल खाल्ला की पुढची दहा मिनिटं स्वतःवरच चिडलेला असतो. तेवढा वेळ त्याच्याकडे चेंडू मागे देऊ नका म्हणून सांग सगळ्यांना. मागच्या फळीतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचारू नकोस, दोघांनाही आठवत नाही. आणि डावीकडे एक बुटका आहे. त्याला मी कडेला फुकट घालवला. त्याला मध्ये खेळव. दिसायला एवढासा आहे, पण मान वर करून खेळतो.

नवा कोच: मध्ये तर कप्तान खेळतो.

जुना कोच: तिथंच येतोय मी. आपली रीत लक्षात आहे ना?

नवा कोच: न आठवायला काय झालं? जाणाऱ्यानं एक गोष्ट मागायची, येणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. पहिल्या वेळी मी मागितलं, मालिशवाल्या काकांना काढू नकोस. तू नाही काढलंस.

जुना कोच: दुसऱ्या वेळी मी मागितलं, त्या डिफेंडरची बायको बाळंत होईपर्यंत त्याला बाहेरगावच्या सामन्यांना नेऊ नकोस.

नवा कोच: नाही नेलं, आणि मार खाऊन आलो. अजून लोक विचारतात, तेव्हा तुमचं डोकं फिरलं होतं का. असो. मुलगी झाली ना त्याला? तर, बोल. या वेळी काय?

जुना कोच: माझ्या जावयाला खेळवू नकोस.

नवा कोच: कप्तानाला?

जुना कोच: मला जावई एकच आहे.

नवा कोच: मास्तर, चेष्टा पुरे. अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडतंय. त्याला बाकावर बसवलंस म्हणून तर तुझी गच्छंती झाली. आणि मला आणलंय कशाला? त्याला रविवारी मैदानात उतरवायला. मालकांना तोंडभरून हो म्हणून आलोय मी. हात मिळवून आलोय.

जुना कोच: माहीत आहे.

नवा कोच: माहीत असून मागतोयस.

जुना कोच: दुसरं काही मागण्यासारखं असतं तर ते मागितलं असतं. सीझन संपेपर्यंत बसव त्याला. पुढे सुट्टीत त्याला विश्रांती मिळेल, मग तो खेळेल. अजून कितीतरी वर्षं खेळेल.

नवा कोच: झालंय काय त्याला?

जुना कोच: गुडघा. डावा.

नवा कोच: डॉक्टर काय म्हणाले?

जुना कोच: डॉक्टरांना तो सांगतच नाही. सराव संपला की हसत हसत पहिला बाहेर पडतो. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, बाबा, काही नाही, तुम्हाला उगाच शंका. सीझन संपला की त्याचा करार संपतो. नवा मिळायचाय. गुडघ्याचं नाव निघालं तर कोण देतो करार?

नवा कोच: मग तुला कसं कळलं?

जुना कोच: दोघं जेवायला आले होते घरी. वरच्या खोलीतून खाली उतरताना पाहिलं त्याला. आडवा होऊन उतरत होता. डावा पाय खाली, मग उजवा त्याच्या शेजारी. परत डावा, परत उजवा. मी खाली उभा आहे हे दिसल्यावर नीट उतरायला लागला, आणि कपाळावर घाम आला त्याच्या.

नवा कोच: एवढ्यावरून?

जुना कोच: मग मैदानात नीट बघायला लागलो. डाव्या पायावरून उडी घेतच नाही तो. चेंडू त्या बाजूला आला की एक पाऊल जास्त टाकतो आणि उजव्यावरून उडतो. लोकांना वाटतं ती त्याची लकब आहे.

नवा कोच: मास्तर, खरं सांग. हे तू सासरा म्हणून बोलतोयस की कोच म्हणून?

जुना कोच: सासरा म्हणून वागलो असतो तर खेळवला असता. जावई खूश, लेक खूश, मालक खूश, नोकरी शाबूत. घरात मला जेवताना वाढायला माणसं तरी असती. आता लेक फोन उचलत नाही. ‘स्वतःच्या घरातलं माणूस मोठं झालेलं तुम्हाला बघवत नाही,’ म्हणाली. तिची आई मधल्या मधे रडते. सासरा म्हणून मी पार नापास झालोय, लंबू. कोच म्हणून बोलतोय.

नवा कोच: मग वर्तमानपत्रात ‘कप्तान फॉर्मात नाही’ असं कशाला सांगितलंस? सरळ खरं सांगायचं. निदान तुझी अब्रू तरी राहिली असती.

जुना कोच: दुखणं त्याचं आहे. सांगायचं की नाही हा त्याचा हक्क. मी चव्हाट्यावर मांडणारा कोण? पण अकरा जणांत कोण खेळणार, हे माझं काम होतं. तेवढं मी केलं.

नवा कोच: आणि तुझी समजूत चुकली असेल तर? समज, गुडघा नुसता मुरगळला असेल. मी मालकांना दिलेला शब्द मोडायचा, पहिल्याच रविवारी लोकांच्या शिव्या खायच्या, ते तू एक जिना बघितलास म्हणून.

जुना कोच: मीही तसाच उतरायचो.

नवा कोच: कुठं?

जुना कोच: आपल्या पहिल्या क्लबच्या हॉस्टेलवर. आपण एका खोलीत राहत होतो तेव्हा. तुला आठवत नसेल, तू सगळ्यांच्या पुढे धावत मेसमध्ये पोचलेला असायचास. माझी आई एकदा भेटायला आली होती, तिनं पाहिलं. म्हणाली, पायाला काय झालंय तुझ्या? मी म्हटलं, काही नाही. आपल्या कोचनं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तरी मी काही नाहीच म्हटलं असतं. म्हणून मी जावयाच्या उत्तरावर विसंबलो नाही.

नवा कोच: तो सामना मला आठवतो.

जुना कोच: तू गोलमध्ये होतास.

नवा कोच: तू सगळ्यांत पुढं होतास, पार पलीकडच्या टोकाला. जवळ कुणी नव्हतं तुझ्या. तरी तुझा गुडघा गेला तो आवाज मला गोलमधून ऐकू आला. इतक्या लांबून. मी कुणाला बोललो नाही कधी. पुढं कितीतरी दिवस लाकूड मोडल्याचा आवाज आला की दचकायचो.

जुना कोच: मला नाही ऐकू आला. मला वाटलं कुणीतरी मागून लाथ घातली. मागे वळून भांडायला बघत होतो.

नवा कोच: तेव्हा तुझं वय काय होतं?

जुना कोच: जावयाचं आत्ता आहे तेवढंच.

नवा कोच: ठीक आहे. नाही खेळवत त्याला.

जुना कोच: नीट विचार कर. रीत आहे म्हणून नको.

नवा कोच: रीत गेली खड्ड्यात. मी सांगतोय ना, नाही खेळवत. कोण आहे दारात? या, या.

(मॅनेजर आत येतो. हातातला फोन वाजत असतो, तो बंद करतो.)

मॅनेजर: सर, प्रेस रेडी आहे. मागचा बोर्डही लावलाय, एका बाजूला तुम्ही, एका बाजूला कप्तान, मधे क्लबचं चिन्ह. मस्त दिसतंय. अरे... सर, तुम्ही अजून इथंच?

जुना कोच: निघालोच. या दोन गालांचा फरक दिसतो का हो?

मॅनेजर: सर, मी खरंच... सकाळी मला प्रत्यक्ष यायचं होतं.

जुना कोच: आला असतात तर न्हाव्यानं तुमचीही केली असती. असू द्या. यांचं ऐका, ते काहीतरी सांगतायत.

नवा कोच: साहेब, बोर्डावरून कप्तानाचा फोटो काढा. रविवारी तो खेळणार नाही. सीझनभर नाही.

मॅनेजर: पण काल आपलं ठरलं होतं. मालकांसमोर तुम्ही हो म्हणालात.

नवा कोच: म्हणालो. आज शब्द फिरवतोय. तोंडावर सांगतोय, फोनवर नाही.

मॅनेजर: पण कारण काय? तुम्ही अजून एकाही खेळाडूला भेटलेलासुद्धा नाहीत.

नवा कोच: कारण सांगणार नाही.

मॅनेजर: हे काही पॉझिटिव्ह नाही, सर. मालक भडकतील. ते आजच तुम्हाला काढतील.

नवा कोच: नाही काढणार. एका दिवसात दोन कोच घालवले तर उद्या सगळीकडे मालकांचं हसं होईल, आणि हसं त्यांना मुळीच चालत नाही. म्हणजे रविवारपर्यंत मी पक्का. आणि रविवारी मी जिंकणार आहे.

मॅनेजर: कप्तानाशिवाय?

नवा कोच: तो डावीकडचा बुटका मध्ये येईल. गोलकीपर चिडला की त्याला सोडून खेळू. मागच्या दोघांना मी एकाच खोलीत ठेवणार आहे, बोलायला लागतील झक मारत. तुमची टीम वाईट नाहीये, साहेब. घाबरलेली आहे. ती भीती मला काढता येते. तेवढ्यासाठीच मला बोलावतात लोक.

मॅनेजर: आणि हरलात तर?

नवा कोच: तर मी जाईन. दर दोन वर्षांनी जातो कुठून तरी, मला त्याची सवय आहे.

मॅनेजर: तुम्हाला आहे हो. कोच संपले की नंबर माझा असतो. माझं घर याच पगारावर चालतं, आणि मला दुसरं कुठलं काम येत नाही. मालक काल म्हणाले, हा शेवटचा कोच तुझ्या पसंतीचा.

जुना कोच: मग पसंती तुमची आहे ना? निभवा की.

मॅनेजर: तुम्हा दोघांचं काहीतरी ठरलंय.

जुना कोच: ठरलंय.

मॅनेजर: ते क्लबच्या विरुद्ध आहे का?

नवा कोच: नाही. कुणाच्याच विरुद्ध नाही. आज वाईट दिसेल, पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणाल बरं झालं.

मॅनेजर: कप्तानाचं काही वाईट होणार आहे का त्यात?

जुना कोच: होऊ नये म्हणूनच चाललंय हे सगळं.

मॅनेजर: बरं. मग मला पुढचं सांगू नका. माहीत नसलं की मला खोटं बोलायला लागत नाही. खाली मी असं सांगतो: कोच कोण ते आम्ही निवडतो, टीम कोण ते कोच. मालकांनाही तेच सांगतो.

नवा कोच: फोनवर?

मॅनेजर: नाही. वर जाऊन, समोर उभा राहून. सकाळच्या फोननंतर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. दहा मिनिटांत या, सर. तोवर बोर्ड बदलून घेतो. नुसतं चिन्ह ठेवतो.

नवा कोच: गेला. मला वाटलं पाय धरेल.

जुना कोच: मीही ओळखत नव्हतो त्याला. चल, माझी पिशवी दे ती. शिट्टी तेवढी माझी आहे, बाकी सगळं क्लबचं.

नवा कोच: मास्तर, आता तरी लेकीला सांग. निदान घरातल्या घरात.

जुना कोच: सांगितलं तर ती त्याला विचारेल. तो नाही म्हणेल. तिला कळेल तो खोटं बोलतोय. मग दोघांत भांडण लागेल.

नवा कोच: रविवारी तो परत बाकावर दिसला की तिचा पहिला फोन मला येणार. लहानपणापासून लंबूकाका लंबूकाका करते. काय सांगू तिला?

जुना कोच: काही सांगू नकोस. शिव्या खा.

नवा कोच: माझ्याशीही बोलायची बंद होईल.

जुना कोच: होईल. आपण दोघं वाईट ठरलो की ती पूर्णपणे त्याच्या बाजूनं उभी राहील. इथून पुढं त्याला घरात कुणीतरी लागणार आहे.