रक्तातलं लोखंड

— न्हाई वो बाई, पोरगी न्हाई, सून हाय माझी. मिना. आत गेली तपासायला. आठवा महिना, अन् अंगात रक्त सहा. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईनं डोळ्याची पापणी वढून पाह्यली, तर पांढरी फटक. गोळ्या? खाल्ल्या ना, त्या सरकारी लाल गोळ्या — मीच द्यायची, सकाळच्या चहासंगं. आता कोणाला ठावं, चहा त्यातलं लोखंड अंगाला लागूच देत न्हाई म्हणून? भाकर-डाळबी थोडी आडवी येतेच, म्हणल्या डॉक्टरीणबाई. पण जनावराच्या रक्तातलं लोखंड न्यारं. ते कोणाला जुमानत न्हाई, आख्खंच्या आख्खं आतड्यात शिरतं.

आमच्या तांड्याला काय नवं हाय ते? बोकड कापलं की रक्त सांडू द्यायचं न्हाई, त्याची सळोई शिजवायची, अन् पह्यली वाटी पोटुशी बाईला. मी खाल्ली, म्हणून चार बाळतपणं काढून उभी हाय. — मिना? ती कुठची खाते. तिनं माळ घातली ना महाराजाकडून. अंड्याचं नाव काढलं तरी चुलीपासून उठून जाते. जीव गेला तरी चालंल म्हणते. काहून चालंल? माझी लेक द्वारका अशीच पांढरी पडून गेली बाळतपणात, हिंगोली जिल्हा झाला त्या साली. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं, अन् मी आपली पदरानं वारा घालून राहिली... जाऊ द्या.

ह्या बगा कॅप्सूल. नांदेडहून आणवल्या. जनावराचं रक्त वाळवून करतेत — हळू बोला, हळू. कशाच्या हायेत ते सुनेला सांगूनच द्या म्हणून बजावलं होतं डॉक्टरीणबाईनं. म्या न्हाई सांगितलं. ताकदीची गोळी हाय म्हणलं. आत्ता आत जायच्या आधी एक दिली, तर हसून म्हणते कशी, आई, ही कडू न्हाई लागत. पाप लागंल तर मला लागू दे, तिला काहून लागंल? तिला तर म्हाईतबी न्हाई. देव काय इतका कोत्या मनाचा हाय का? पण तिला कळलं, तर माझ्या हातचं पाणी घ्यायची न्हाई ती पुन्हा, हे बराबर समजतं मला.

काय झालं? मागं काय पाहून राहिल्या तुमी?

मिना. कवाची उभी हायस गं? — तसं न्हाई, ऐक तर. आधी खाली बस, चक्कर येईल. मिना, बोटं काढ तोंडातून. काढ म्हणते ना. पोटाला ताण देऊ नको, लेकरू हाय त्यात... जा वो बाई तुमी. जा, पाहू नका इकडं.