भाच्यानं पाह्यली जीभ

आमचा भाचा गजू दोन वर्षं चिनी वैद्यकी शिकून आला, हे तुमाले सांगतलंच नाही काय? आमच्या गावी इंझोरीले आला तवा मी म्हटलं, "गजू, माहा गुडघा पाह्य. उकिडवं बसता येत नाही, निंदण कसं करू?" त्यानं गुडघ्याले हात बी लावला नाही. दोन्ही मनगटांच्या नाड्या धरल्या, जीभ पाह्यली अन् घाबरलाच.

"मामा, जीभ जांभळी पडली. अंगात रक्त साकळलं. आजच अकोल्याले चाला."

आमची बुढी रडाले लागली. म्या टोपली पुढं सरकवली. "आत्ताच जांभळं खाल्ली, बाप्पा."

"असं आमच्या पुस्तकात नव्हतं, मामा."

"मंग जीभ पाह्याच्या आधी चूळ भराले चीनमधी पाणी बी नाही काय?"