नकाशातली छपरं

कान्यारच्या डोंगराळ गावांकडे जाणाऱ्या खिळखिळ्या बसमध्ये वीजखात्याचे दोन इंजिनियर लॅपटॉपवर नकाशा बघत बोलत होते. मागच्या बाकावर दोमितिला नावाची म्हातारी मांडीवर कणसांची टोपली घेऊन ऐकत होती.

"गावात एवढी छपरं आहेत. एका घरच्या मीटरचं रीडिंग शेजारच्या घरचा मीटर रेडिओने पुढे नेईल. टॉवर कशाला?"

"छपरं आहेत, माणसं कुठायत? सगळे न्यूयॉर्कला कमवायला गेले. घरोघरी वीज तोडलेली. मीटर बोलणार कुणाशी?"

"हे एक चालू आहे की. रोज संध्याकाळी एकच दिवा लागतो."

"तेही रिकामंच आहे, मी पाहून आलो. खोडून टाक."

"नको रे बाळा. लेकाचं घर आहे, दिवा मी लावते. परत यायला निघालोय म्हणून फोन आला होता त्याचा."

"कधी, आजी?"

"ही बस नवी होती तेव्हा."