पहिला स्वर देवाला

—नाही, तिथं नको. खिडकीशी बस, उजेडाकडे तोंड करून. आणि त्या घोंगडीला हात लावू नकोस, मधू. तुझंच वाद्य आहे तिच्याखाली, पळून जात नाही. आधी मी सांगतो ते ऐकून घे, मग खुशाल ने. गाडीची काळजी करू नकोस. गाडी आली की या फळीवरचा भुसा थरथरतो, तेव्हा सांगेन तुला.

झालंय, झालंय. पुरं झालंय. न करून जातो कुठं? शब्द दिला होता. पण करताना मला रोज किळस आली, हे तुला तोंडावर सांगितल्याशिवाय ते माझ्या दाराबाहेर जायचं नाही. जन्मभर शाळेत पोरांना रंधा धरायला शिकवलं आणि घरी या पडवीत देवळांच्या वीणा केल्या. नेरळपासून खालापुरापर्यंत जिथं जिथं सप्ताह बसतो, तिथं पहाऱ्याला माझ्या हातची वीणा असते. तुझे वडील, आमचे नाना, एवढे मोठे वकील, पण सप्ताहात अनवाणी उभे राहायचे ती गळ्यात घालून. तू त्यांच्या धोतराला धरून पेंगत असायचास. आणि त्याच नानांचा मुलगा मला येऊन सांगतो — अप्पा, हॉटेलातल्या बँडमध्ये मी वाजवतो तो बास, खर्जाची ती मोठी सारंगी, कपाटाएवढा आहे, तो काही मला गाडीतून नेववत नाही, तर खांद्याला अडकवता येईल असं खर्जाचं वाद्य करा, विजेवर बोलणारं. विजेवर! कुणासाठी? तर गोरे शिपाई आणि त्यांच्या गळ्यात पडणाऱ्या बायका नाचाव्यात म्हणून. तेव्हाच तुला हाकलायला हवं होतं. पण तू म्हणालास, 'अख्ख्या मुंबईत हे कुणाला जमायचं नाही, जमलं तर तुम्हालाच.' — स्तुतीला भुललो. म्हातारा माणूस स्तुतीला भुलतो तेव्हा तो लहान मुलापेक्षाही ओंगळ दिसतो.

काय, काय? हनुवटीवरचा हात काढ आणि बोल. — हो, लाकूड फणसाचंच आहे. हिरामणनं खालापूरकडून आणलं, वीणेसाठी आणतो तसलंच, गाठ नसलेलं. वीणेचा भोपळा कोरायचा म्हणजे लाकडाच्या पोटात शिरावं लागतं, मधू, पातळ पातळ करत जावं लागतं, प्रकाश पलीकडे दिसेल की काय इतकं. इथं काय? फळी! भरीव फळी! हिरामण उंबऱ्यात बसून बघत होता, म्हणाला, "अप्पा, ह्यो पाट हाय का वाद्य हाय? ह्याला पोटच नाय. कुठून बोलायचं रं ह्ये?" त्याला काय सांगू? लढाईच्या भंगारातून तू टेलिफोन आणून दिलास, तारांची थरथर पकडून विजेत घालायला त्यातला लोहचुंबक काढला. त्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची होती — कशावर गुंडाळली, ठाऊक आहे? उमेच्या चरख्यावर. माझी सून ज्या चरख्यावर रामनाम घेत सूत काढते, त्यावर मी तुझ्या नाचाची तार कातली. तिनं चरखा धुऊन घेतला फक्त.

मग तू आवाज मोठा करायला रेडिओ घेऊन आलास, तार जोडलीस, छेडलंस — आठवतं? उमा स्वैपाकघरातून हात पुसत धावत आली. मी मान डोलावली. काय ऐकून डोलावली, ते विचारू नकोस.

आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. वाद्य गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याचा पहिला स्वर देवाला. घरात लावायचं, पण वाजवायचं रामाच्या गाभाऱ्यासमोर. तुझ्या त्या छेडण्यानं रीत मोडलीच होती, पण मी म्हटलं, ते काही वाजवणं नव्हे, ती परीक्षा होती. माणूस स्वतःशी खोटं बोलू लागला की शब्द फार चांगले सुचतात त्याला. तर एकादशीला आरती झाली, माणसं बसलेली होती, मी हे घेऊन गेलो. सदू गुरव म्हणाला, "अप्पा, रेडिओ नाय यायचा आत. सोवळ्याचं काय?" मी म्हटलं, नकोच. देवापुढे उभं राहायला वाद्याला मध्यस्थ कशाला? — हे मी म्हटलं. मी! ज्यानं ते बनवलं, ज्याला त्यातली तारन्‌तार ठाऊक, त्यानं!

खालचं टोक गाभाऱ्याच्या दगडी उंबऱ्यावर टेकवलं. वरच्या कडेला हनुवटी. वीणा लावतानाही अलीकडे मी हनुवटी टेकवतो, सवय आहे — बरं, सवय म्हण. डोळे मिटले आणि खर्ज छेडला.

मधू, विहिरीत घागर बुडते तेव्हा तळातून एक आवाज येतो. कानाला नाही, छातीला येतो. तसा आला. दातांतून, हाडांतून, सगळ्या अंगातून. मी थांबलोच नाही. छेडत राहिलो, एकामागून एक, चारी तारा, डोलत — किती वेळ, देव जाणे. डोळे उघडले तर गौराबाई तोंडाला पदर लावून हसतेय. पोरं एकमेकांवर पडतायत. सदू म्हणतो, "अप्पा, डोलताय झ्याक, पण वाजतंय कुठं? पाल चुकचुकल्यावाणी नुसतं टिक टिक!"

आणि मी काय केलं? मी भर देवळात ओरडलो, "वाजत नाही? कान फुटले काय तुमचे?"

मग कुणी हसेना. हसत होते तेच बरं होतं.

खाली काय बघतोस? वर बघ. कान माझेच फुटलेत, हे तुलाही तेव्हाच कळलं असेल, रेडिओ लावलास त्या दिवशी. नाही कळलं? — असो. कुणाला काय कळलं होतं, याचा हिशेब मांडत बसलो तर गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. घरी आलो तर उमा रडत होती. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. माझ्या हातच्या वीणा कधीपासूनच्या बेसूर जात होत्या. मी झोपलो की हीच तारांखालची घोडी घासून त्यांची जवारी काढायची, तारा लावायची आणि सकाळी मला म्हणायची, मामंजी, काय सुरेल लागलीय! आणि मी ताठ मानेनं ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचो. देवळांत! देवापुढे! — मला तिला शाबासकी द्यायला हवी होती. मी त्या दिवशी तिच्या हातचं जेवलो नाही. दयेची मला शिसारी आहे. शिवी परवडते, तिला निदान आतबाहेर एकच रंग असतो.

आता सांग, हे काय आहे? ज्यांच्यासाठी जन्म घालवला त्या वीणांनी माझ्याशी अबोला धरला. कुशीत घेऊन बसलो तरी नुसती कुजबुज. आणि दारूच्या टेबलाशी जाणारा हा ओंडका, हाच तेवढा माझ्याशी बोलतो. रोज सकाळी पूजा उरकली की मी त्या घोंगडीखाली — नाही, ते राहू दे. देवानं थट्टा केली असं म्हणण्याइतका मी उद्धट नाही. पण एक सांगतो. त्या दिवशी त्याचं टोक गाभाऱ्याच्या पाषाणावर होतं. माझ्या हाडांनी ऐकलं, तर पाषाणानं ऐकलं नसेल कशावरून? लोकांना टिक टिक ऐकू आली. तो स्वर त्यांच्यासाठी नव्हताच. रीत मोडली नाही. एवढंच मला म्हणायचं होतं.

काय म्हणालास? — पुन्हा म्हण. — ठेवून घ्या म्हणतोस?

बस खाली. आत्ता तुला सांगितलं ना, कशाची शिसारी आहे ते? की वकिलाच्या पोरालाही एकदा सांगून कळत नाही? तुझं वाद्य, तुझ्यासाठी केलेलं. काढ ती घोंगडी. काढ. घे मांडीवर. हे असं. आणि वरची कड इकडे, माझ्या हनुवटीखाली. दिलेली वस्तू देताना तपासून द्यावी लागते, एवढंच. छेड.

— हं.

दुसरी. — उतरली आहे. खुंटी पीळ. अजून. अजून एक केसभर — हां, हां, जास्त झालं, मागं ये. — तिथं! तिथंच ठेव. उमे! उमे, इकडे ये, ऐक हे. नीट लागलीय की नाही? माझ्याकडे बघून खरं सांग. माझं मन राखायचं नाही, रामाची शपथ आहे तुला.

—

बरं.

पदर काय डोळ्यांना लावतेस, नीट लागलीय म्हणालीस ना? मग झालं. मधू, घोंगडीही ने, लाकडाला ओल लागू देऊ नकोस. आणि हॉटेलात वाजवशील तेव्हा पहिला स्वर कुणाचा, ते तुझं तू बघ. मी विचारायला यायचा नाही.

हात ठेव या फळीवर. थरथरतोय ना भुसा? गाडी आली. ऊठ. आणि हे बघ, दारापाशी पोचून पाठमोरा काही बोलशील तर ते मला कळायचं नाही. जे म्हणायचं ते इथं म्हण, माझ्यासमोर.

नाही ना काही? मग जा.