सासऱ्यांनी ऐकलेला सायलेन्सर

सायलेन्सर म्हटलं की तुम्हाला बुलेट गाडी आठवणार. पण इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला आमचा शेजारी हेल्मूट शिकारी आहे, त्याच्या घरी बंदुकीच्या सायलेन्सरवरून भांडणं होतात. तो म्हणतो, "सायलेन्सर फक्त कान वाचवतो, त्याला नोंदणीची कटकट कशाला?" बायको इंग्रिड म्हणते, "नियम आणखी कडक करा, नाहीतर कोण कुठे गोळी झाडतंय ते कळणारही नाही."

शेवटी वैतागून हेल्मूट आम्हा सगळ्यांना शूटिंग रेंजवर घेऊन गेला. पुण्याहून आलेले माझे सासरेही होते. त्यांच्या डोक्यात सिनेमातला सायलेन्सर, नुसतं 'फुस्स' करणारा.

हेल्मूटने गोळी झाडली. कानांवर जाडजूड हेडफोन असूनही सासरे टुणकन उडाले.

"जावईबापू, ह्यांना फसवलंय हो कुणीतरी! पावती असेल तर परत करायला सांगा."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. हेल्मूट एकदम खूश.

"गेनाऊ! अगदी बरोबर! आवाज होतोच, हेच तर मी कधीपासून सांगतोय!"

इंग्रिडने शांतपणे विचारलं, "मग एवढा महागाचा घेतलास कशाला?"

हेल्मूटने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

जर्मनचा गंध नसलेले सासरे माझ्या कानाशी लागले, "आत्ता कुठे चालू झाला बघा सायलेन्सर."