जहाजावरचा लसूण

...आता हे सगळं मला खरंच आठवतंय, की मनात घोळवून घोळवून मीच रचलंय, ते काही छातीठोकपणे सांगता यायचं नाही हो, पण वास आठवतो! लसणाचा, तुम्हाला सांगतो, अस्सल लसणाचा! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आमच्या ठाण्यात, नौपाड्यात, कुठल्याही जिन्यात उभं राहा, लसणाचीच फोडणी. बरोबर! म्हणून तर मी जिन्यात उभाच राहत नाही!

मी डॉक्टर आहे. थांबा, हात पुढे करू नका, नाडी बघणारा नव्हे! धान्यातल्या किडीचा डॉक्टर. दारावरची पाटी वाचून शेजारच्या सरस्वतीबाई पाठदुखी घेऊन येतात, मी त्यांना सोंडेकिड्याची माहिती देतो, त्या पाठदुखी घेऊन परत जातात. तर माझं काम काय? जहाजात गहू भरला की त्यात किडे मारायच्या गोळ्या ठेवायच्या, वरून झाकणं घट्ट लावायची, गोळ्यांतून विषारी गॅस निघतो... आणि जहाज तसंच प्रवासाला निघतं! म्हणजे खाली विष, आणि वर माणसं जेवतायत, घोरतायत, पत्ते कुटतायत! आणि त्या गॅसला वास कसला? लसणाचा! कुणी म्हणतं सडक्या मासळीचा. म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात जे जे असतं, नेमका त्याचाच! अत्तराचा आला असता तर काय बिघडलं असतं? आणि कधी कधी तर वास येतच नाही, तरी गॅस असतो. म्हणून नियम पहिला: नाकावर विश्वास ठेवू नका. मोजा!

हे खलाशांना आधी समजावून सांगावं लागतं. मी जीव तोडून सांगतो, समोर जांभया. एकजण तर विचारतो, "सर, चहा कधी?"

तर त्या दिवशी, झाली त्याला बरीच वर्षं, जहाज बंदराबाहेर नांगरून उभं. झाकणं लावून झालेली, खाली गॅस धरायला लागलेला, कुठे गळत नाही ना एवढं बघून मी लाँचने उतरायचं, मग जहाज सुटायचं. भर दुपार. मी खालच्या बोळातून चाललोय, खलाशांचा मुकादम फ्लेव्हियन याच्या केबिनशी येतो, आणि... लसूण! दार उघडतो तर फ्लेव्हियन आडवा. हाक मारतो, हलत नाही! ओरडलो मी, "बाहेर! सगळे बाहेर! दारं उघडा!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. दोघांनी त्याला काखेत धरून वर आणला. मध्ये एकदा त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला होता... तो हात अजून जड लागतो हो. भाजीची पिशवी डाव्या खांद्याला घेतच नाही मी.

डेकवर सगळे गोळा. कॅप्टन गुरुदत्त कमरेवर हात ठेवून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, वर नॉर्मन बोंबील करतोय. लसूण आहे तो, लसूण!" झालं, सगळे हसायला लागले! नॉर्मन म्हणजे आचारी, आमच्या ठाण्याचाच, माजिवड्याचा. हातात पळी, मान खाली, चकार शब्द नाही. फ्लेव्हियन डोळे उघडून पुटपुटला, "डोकं लय जड झालंय." कॅप्टन म्हणतो, "रात्रभर ड्यूटी होती त्याची, होणारच!"

मी मास्क लावून परत खाली. गॅस मोजायची नळी काढली, पंप मारला. पण दारं सताड उघडी, खारा वारा भणाणतोय, उरेल काय? नळीचा रंग बदलेना. वर येऊन कॅप्टनला दाखवली.

"पांढरी?"

"पांढरी."

"मग? नाकावर विश्वास ठेवू नका, हे तुम्हीच शिकवता ना?"

माझाच नियम! माझ्याच नाकावर हाणला!

तरी मी अडून बसलो. म्हटलं, फ्लेव्हियनच्या केबिनमध्ये गव्हाच्या कोठाराकडून केबलचा पाइप येतो, त्याच्याभोवती फट आहे, ती बुजवा, त्याला वरच्या केबिनमध्ये हलवा, नाहीतर जहाज सोडायच्या कागदावर मी सही करत नाही! कॅप्टनने केलं सगळं. पटलं म्हणून नव्हे, मी जावं म्हणून! लाँच सुटली तर वरून खलाशी ओरडतायत, "डॉक्टर, जाताना लसूण नेता का?" त्या जहाजाच्या कंपनीने मला परत बोलावलं नाही.

आणि मग सुरू झालं हो! मी बरोबर होतो की मूर्ख होतो? घरात लसूण बंद. आमची बायको, शकू, म्हणते, "अहो, तुम्ही मारलेत किडे, आम्हाला का शिक्षा?" कोपर गावी भाच्याचा साखरपुडा, वाढप्याने लसणाची चटणी वाढली, तर मी पंगतीतून उठून हॉलच्या खिडक्या उघडत सुटलो! भाचा म्हणतो, "मामा, एसी चालूये!" काय सांगणार? नाकावर विश्वास ठेवू नका म्हणून?

गेल्या वर्षी मासळी बाजारात मागून हाक. "डॉक्टर! वळखलं काय?" नॉर्मन! केस सगळे पिकलेले. राम राम नाही, काही नाही, मी पहिलं विचारलं, "नॉर्मन, त्या दिवशी बोंबलात लसूण किती घातला होतास रे?"

"लसूण? कुठला लसूण? तुमीच लेक्चरमध्ये बोललेले ना, गॅस हाय तवर लसूण बंद, नायतर वास कळायचा नाय? होता नव्हता तो सगळा मी लाँचवाल्याला देऊन टाकलेला."

मी असं बोललो होतो? मला आठवत नाही हो! उभ्या आयुष्यात एका माणसाने माझं लेक्चर ऐकलं, आणि ते मला माहीत नाही!

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कॅप्टन बोलला लसूण, म्हणजे लसूण. आपण काय बोलणार?"

"आणि फ्लेव्हियन?"

"त्याला काय धाड भरलीय? आजोबा झालाय. तुमाला अजून लसूण डॉक्टर म्हणतो."

घरी येऊन शकूला सगळं सांगितलं. त्या जहाजावर लसणाची पाकळीसुद्धा नव्हती, म्हटलं. तो गॅसच होता. तिने आमटीचं पातेलं पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही बरोबर होतात. आता तरी आमटीत लसूण घालू?"

"घाल," म्हटलं... आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून बसलो.