बूथ माझ्या नावावर व्हता

माहेर माझं खुटबावचं, दौंड तालुक्यातलं. नाव सुमन, पण त्या नावानं लहानपणी मला कुणी हाक मारलेली आठवत न्हाई. लंगडे म्हणायचे, लंगडे इकडं ये, लंगडे पाणी आण, शाळंत मास्तरसुदिक तसंच म्हणायचे आन् मी बी उठायची. नुकती चालायला शिकले व्हते तवा ताप आला, आई सांगायची नुसती आग व्हती अंगात, आन् ताप उतरला तवा उजव्या पायातला जीव गेलेला. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचं बरं चाललेलं, कालव्याखालची जमीन, ऊस, म्हशी, खायाप्यायाला कमी न्हवतं. म्हणून तर मला दहावीपातुर शिकवली, हिचं लगीन काय व्हणार न्हाई, निदान कुठं बसून काम करंल म्हणाले.

बघायला यायचे तसे. पोहे खायाचे, मी बसलेली असले की तोंड बघून खूष व्हायचे, आन् मी उठून आत चालले की सगळे गप. एकजण तर अंगणात चपला घालता घालता म्हणाला, मला ऐकू जाईल असंच म्हणाला, की असली घेऊन आम्ही काय करायचं, देव्हाऱ्यात बसवायची का. आबांनी उठून पान दिलं त्याला.

मग वरवंडचं स्थळ आलं. सोलापूर रस्त्याला लागून त्यांचा गाळा, मुलगा धडधाकट, चार माणसांत उठून दिसणारा, दत्तात्रय नाव, आन् हुंडा नको म्हणाले. आबांना खरंच वाटंना. सासूबाई मला म्हणाल्या, चालून दाखव पोरी. मी मनात म्हटलं झालं, हे बी गेलं. उठले, लंगडत दारापातुर गेले, परत आले. काय सांगू तुम्हाला ताई, त्या बाईच्या तोंडावर समाधान दिसलं. बाजारात मनाजोगी गाय मिळाली म्हंजी दिसतं तसं. आन् त्यांनी आबांना पहिलं काय इचारलं तर अपंगाचा दाखला काढलाय का हिचा. मला वाटलं, काळजीनं इचारतायत.

तवा टेलिफोनचे बूथ नवीन निघाले व्हते, पिवळी पाटी, एसटीडी पीसीओ. आन् सरकारचा नेम असा की अपंग माणसाला बूथ आदी मिळणार. आमच्या मालकांनी स्वतःच्या नावानं अर्ज केलेला, तो पडून व्हता, धडधाकटांची रांग लय लांब. बायको अपंग असली तर रांगच संपते हे त्यांना कुणीतरी सांगितलं. हे मला लग्नानंतर कळलं, ते बी जावेनं भाकरी थापता थापता हसत सांगितलं. अगं, म्हणली, तुझ्या आदी भावजींनी पाटसची एक आंधळी बघितलीवती, पण आंधळीला मीटरवरचे आकडे कसे दिसायचे म्हणून तिला सोडली.

त्या दिशी मी जेवले न्हाई. पण कुणी इचारलं बी न्हाई.

बूथ झाला. काचेची खोली, आत फोन, भाईर टेबलाला मी, समोर लाल आकड्यांचं मीटर. खोटं कशाला बोलू, सुरवातीला मालक चांगले वागले. मोटरसायकलवर बसवून नेलं, पाटीवर माझं नाव लिवून घेतलं, सुमन दत्तात्रय, रंगाऱ्याला म्हणाले नाव मोठं काढ. लोक मला ताई म्हणायला लागले, ट्रकवाले हिंदीत दीदी म्हणायचे. त्या पाटीखाली बसले की मला माझी थोडी किंमत वाटायची, आता हसू येतं.

आन् लोकांची मतं ऐकावीत तर तिथं. मीटर पळतंय हे तर प्रत्येकाचं. एक म्हातारे आप्पा व्हते, ते म्हणायचे सरकारनं मीटरला मुद्दाम चावी दिलेली असती, गरीब बोलला की जोरात फिरतं. कुणी म्हणायचं अंधार पडल्यावर दर कमी करतं हे सरकार, म्हंजी आमच्या माणसानं मरायचं सुदिक येळ बघून. सासवा सुनांना माहेरी फोन लावायला घेऊन यायच्या आन् काचेचं दार उघडं ठिवून उभ्या ऱ्हायच्या, काय बोलती ते ऐकायला. सून नुसतं बरं हाय, बरं हाय म्हणायची. मी मीटर बघायची. तिला रडू आलं तरी आकडे पळतच ऱ्हायचे.

आता नेमाचं सांगते. जिच्या नावावर बूथ तिनंच बसायचं असा सरकारचा कायदा, बरोबरच हाय, न्हाईतर अपंगाच्या नावावर दुसराच खातो. टेलिफोनचे साहेब अधूनमधून तपासायला यायचे. म्हणून मी ताप असला तरी बसायची. पल्लवी, माझी पोरगी, तिच्या येळंला दिवस भरले तरी बसले, आन् बाळंत झाल्यावर टाके ओले असताना परत नेऊन बसवली. साहेब यायचे असले की मालक म्हणायचे काठी आत ठिव, साहेबांसमोर उठून पाणी दे. म्हंजी साहेबांना नीट दिसावं. मी पाणी घेऊन झोकांड्या खात जायची, साहेब लाजून खाली बघायचे, आन् मालक पाठीमागं उभं ऱ्हाऊन बघायचे बराबर झालं का.

शेजारच्या गाळ्यात नजीरभाई व्हते, घड्याळं आन् रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांचं घराणं वरवंडात किती पिढ्यांचं कुणास ठाऊक. त्यांनी एक दिस सांगितलं, दौंडला मोठे डॉक्टर येणार हायेत, पोलिओचे पाय फुकट आपरेशन करून सरळ करतात, माझी बायको येईल सोबत, तू चल. मी गेले. मालकांना सांगून गेले बरं का. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, वाकवला, बघितला. म्हणाले, बाई, पायात जोर येणार न्हाई पण सरळ व्हईल, पट्टा लावून बिनकाठीचं चालाल. आत्ता करा. न्हाई केलं तर खुबा झिजंल, पाठ वाकंल, मग काय इलाज न्हाई. ताई, मी एसटीत येताना पूर्ण रस्ता खिडकीतून नुसती चालणारी माणसं बघत आले.

घरी सांगितलं. मालक जेवत व्हते. त्यांनी भात कालवला आन् शांतपणी सांगितलं, पाय सरळ झाला तर दाखला रद्द व्हतो, दाखला गेला की बूथ गेला, सरकारचा नेम हाय, मी काय करू. सासूबाई म्हणाल्या, धडधाकट बायका गावात काय कमी हायेत, तुला आणली कशाला मग. मी परत काढलं तर मालक बोलले, पोरीच्या तोंडातला घास काढायचा आसंल तर जा. मी गेले न्हाई. कायदा हाय म्हटल्यावर काय करणार, कायद्याला कुणी इचारायला जात नसतं आपल्याकडं. नजीरभाईंनी परत एकदा इचारलं, मी न्हाई म्हटलं, मग त्यांनी बी इषय सोडला.

डॉक्टर बोलले तसंच झालं. खुबा गेला, पाठ वाकली. खुर्चीत बसले की उठवंना, उठले की बसवंना.

आन् मग मोबाईल आले. आदी मोठ्या लोकांकडं, साखर कारखान्याच्या डायरेक्टरकडं वगैरे, लोक हसायचे, म्हणायचे पैशाची मस्ती. मग येणारा फोन फुकट झाला. त्या दिसापासून ताई, माझ्या बूथमदी माणूस यायचं थांबलं म्हणा. तेच आप्पा, मीटर पळतंय म्हणणारे, गळ्यात दोरीनं मोबाईल बांधून माझ्या समोरनं जायचे. कुणाचं मत, सरकारनं ह्याच्यावर बंदी घालावी, पोरी बिघडतात. कुणाचं मत, शिम घ्यायला फोटो न् पुरावा कशाला, आम्ही काय चोर हाय का. मी ऐकत बसायची. मीटर बंद, मी चालू.

मालकांनी बूथ सरेंडर करायचा ठरवला. माझी सही लागते म्हणून मला टेलिफोनच्या हापिसात नेलं. मालक भाईर गाडी लावत व्हते, मी बाकड्यावर बसले, आन् तिथले जुने क्लार्क मला ओळखून म्हणाले, ताई, तब्येत लय उतरली हो तुमची, तवा आपरेशन का न्हाई केलं? मी म्हटलं, साहेब, केलं असतं तर बूथ गेला असता न्हवं? ते म्हणाले, कुणी सांगितलं असं? एकदा दिलेला बूथ कुणी काढत नसतं. तुमचे मालक इचारायला आलते, मी सोता त्यांना सांगितलं व्हतं, खुशाल करा.

मी सही केली. घरी येताना मोटरसायकलवर पाठीमागं बसून त्यांच्या मानंकडं बघत व्हते. घरात आल्यावर इचारलं, तुम्हाला म्हाईत व्हतं? ते चिडले न्हाईत, आवाज बी चढवला न्हाई. तोच माझ्या मनातनं जात न्हाई, तो साधा आवाज. म्हणाले,

आपरेशन केल्यावर महिने न् महिने खाटंवर पडली असतीस. बूथवर कोण बसलं असतं? दाखवायला तूच लागत व्हतीस.

एवढंच. आन् टीव्ही लावला.

मग गाळ्यात मोबाईलचं दुकान झालं, कूपन, शिमकार्ड, कव्हरं, सगळं मालकांच्या नावावर. मी बसते म्हटलं तर म्हणाले, नको, आता गिऱ्हाईक वेगळं असतं, बरं दिसत न्हाई. जरा माहेरी जाऊन ये, आराम कर, म्हणून खुटबावला सोडलं, पोरीची शाळा हाय म्हणून पल्लवीला ठिवून घेतली. न्यायला कुणी आलं न्हाई. आबा वारलेले, भाऊ-भावजय काय बोलायचे न्हाईत, पण भावजय माझं ताट वेगळं मांडायला लागली. निरोप पाठवले, फोन केले, मालक उचलायचे आन् म्हणायचे येतो पुढल्या आठवड्यात.

शेवटी मीच गेले. एसटीनं वरवंडात उतरले, काठी टेकत दुकानापुढं उभी ऱ्हायले. माझ्या नावाची पाटी काढून दुकानापुढच्या गटारीवर पाय द्यायला आडवी टाकलेली, रंग झिजलेला पण नाव दिसत व्हतं, गिऱ्हाईक त्याच्यावरनं ये-जा करत व्हतं. मी आत शिरले, मालकांशी बोललेच न्हाई. पल्लवी दुकानात व्हती, शाळंच्या ड्रेसवर, आठवीत व्हती तवा, हातात नवा मोबाईल, वडलांनी दिलेला. मी म्हटलं, चल बाळ, दप्तर घे, आपण खुटबावला जाऊ.

तिच्या वर्गातल्या दोघी तिथं उभ्या व्हत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् बारीक आवाजात म्हणाली,

आई, तू जा ना. सगळे बघतायत.

मालक गल्ल्यावर बसून बघत व्हते. त्यांना काय बोलायची गरजच पडली न्हाई. मला माघारी फिरताना बी त्या पाटीवर पाय देऊनच उतरावं लागलं, दुसरी वाटच न्हवती. भाईर नजीरभाईंनी स्टूल दिलं बसायला, पाणी दिलं. मी पाणी पिले. एसटी आली तवा त्यांनीच मला चढवलं.

खुटबावला मी फार दिस काढले न्हाईत. वळखीची एक बाई रांजणगावला कंपनीच्या कँटीनमदी चपात्या लाटायची, तिच्यामागं आले. बसून काम, त्यामुळं जमतं. शिरूरला खोली घेतलीय, कंपनीची बस रस्त्यापातुर येती, ड्रायवर थांबतो माझ्यासाठी, चढायला येळ लागतो तर मागनं पोरं ओरडतात, चलो मौसी, शिफ्ट शुरू हो जायेगी. ती बिहारची पोरं. मला त्यांचा राग येत न्हाई.

पल्लवीचं लगीन झालं, मला लग्नाच्या नंतर कळलं. लोकांनी आईचं इचारलं तर माहेरी आजारी असती असं सांगितलं म्हणे. आता मी बी मोबाईल घेतला, फोटो न् पुरावा देऊन घेतला, माझ्या नावावर. नंबर भावाकडनं तिला कळवला. महिने गेले, फोन न्हाई. मग मागच्या पंधरवड्यात आला, मी कँटीनमदीच व्हते, पिठाचे हात तसेच, फोन कानाला लावला. तिला दिवस गेलेत. मला वाटलं बाळंतपणाला येते म्हणंल, मी मनात खोलीतली खाट कुठं सरकवायची ते बघायला बी लागले.

तर म्हणाली, आई, एक इचारायचं व्हतं, तुझा पाय जन्मापासून तसा व्हता का? सासूबाई इचारतायत. बाळात उतरंल का म्हणून.

मी म्हटलं, न्हाई बाळ. तापानं गेला. जन्मले तवा चांगली व्हते मी.

नक्की ना, म्हणाली.

नक्की.

बरं, म्हणाली, मग ठीक. आन् ठिवला. पाठीमागनं तिच्या सासूचा आवाज येत व्हता, काय म्हणली, काय म्हणली. मी फोन पदराला पुसला आन् परत लाटायला घेतलं, दुपारची शिफ्ट जेवायला यायची व्हती.

सरकारला मी नावं ठेवत न्हाई ताई. सरकारनं बूथ दिला, आता लहान लेकरांना डोस बी घरी येऊन देतं. तिच्या लेकराला तेवढा डोस येळेवर मिळू दे, पाय चांगले ऱ्हाऊ दे, पळू दे त्याला गावभर. मला त्यानं बघितलं न्हाई तरी चालंल. तुम्ही जपून जा, इथनं पुढं रस्त्याला उजेड न्हाई.